भानुतात्यांची खूण

सत्यनारायणाचा प्रसाद डाव्या हातावर घे म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझा घरमालक होता.

बारामतीजवळ कन्हेरीत शेजारच्या शांताकाकूंकडं पूजा होती. मी रांगेत बसले होते, उजवा हात पुढं केलेला. भानुतात्या मागून आले, माझा उजवा हात धरला, पाठीमागं नेऊन ठेवला आणि म्हणाले, "डावा."

शांताकाकू शिऱ्याचं पातेलं घेऊन तशाच थांबल्या. "अवं तात्या, देवाचा परसाद हाय त्यो. दांडकं न्हाय तुमचं!"

"दोन्ही हात देवानंच दिल्यात," तात्या म्हणाले. "तुमी वाढा. शनवारी इंदापूरला शर्यत हाय, देव समजून घेतोय."

काकूंनी देवाकडं बघत, तोंड वाकडं करून, माझ्या डाव्या तळव्यावर शिरा ठेवला. मी मनातल्या मनात माफी मागितली आणि खाल्ला. माझी आई तिथं असती तर उठून गेली असती.

दांडकं म्हणजे रिलेचं बॅटन. चौघीजणी पळतात, प्रत्येकीनं शंभर मीटर पळून ते पुढचीच्या हातात द्यायचं. पहिलीच्या उजव्या हातातून दुसरीच्या डाव्यात, दुसरीच्या डाव्यातून तिसरीच्या उजव्यात, तिसरीच्या उजव्यातून चौथीच्या डाव्यात. मी दुसरी होते. म्हणजे मला डाव्या हातात घ्यायचं होतं, आणि तेही मागं न बघता. ज्या घरात डाव्या हातानं पाण्याचा तांब्या घेतला तरी फटका बसायचा, त्या घरातून मी आलेली. पहिल्या दिवशी बॅटन आलं तसा माझा डावा हात मागं गेला नाही, मीच वळले. दोन्ही हातांनी ते घेतलं, थांबले आणि कपाळाला लावलं.

वैशाली पुढं तिसरीच्या जागेवर उभी होती. ती हसून हसून खालीच बसली. "अगं ए काहूनबाई! हार घालतीस का आता त्येला? अगरबत्ती आणू?"

काहूनबाई हे माझं बारामतीतलं नाव. मी किनवटकडची. 'का' म्हणायचं तिथं माझ्या तोंडातून 'काहून' येतं आणि अख्खी शिलाईची लाइन हसते. आठवीत शाळा सुटली. वडील गेले, मग चार वर्षं इकडं तिकडं शेतात कामं केली आणि मावसबहिणीच्या ओळखीनं बारामतीच्या एमआयडीसीत कपडे शिवायच्या कंपनीत लागले. बहीण सहा महिन्यांत लग्न होऊन गेली, मी राहिले. तात्यांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायचे आणि कधी कोण जा म्हणेल याची भीती अशी की पिशवीतले कपडे मांडणीवर काढून ठेवायलाही धजत नव्हते. कुणी काही दिलं की मी आभार मानायचे. कंडक्टरनं तिकीट दिलं तरी हात जोडायचे.

तात्यांना ते अजिबात खपायचं नाही. "आभार मानायला थांबलीस की मागची अंगावर येती. घ्यायचं आन् पळायचं. देणारीला तेच पायजे असतंय."

तात्या इंदापूर तालुक्यातल्या एका हायस्कुलात पी.टी.चे मास्तर होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, बायको वारलेली, मुलगी जावयाकडं हैदराबादला. कंपनीला दरवर्षी इंदापूरच्या कामगार स्पर्धांना बायकांचा एक संघ पाठवायचा असतो, तो तात्या तयार करायचे. मला त्यांनी कसं निवडलं, तर रोज सकाळी कंपनीची गाडी सुटू नये म्हणून मी ओट्यासमोरून धावत जायचे. दहा-पंधरा दिवस त्यांनी चहा पीत नुसतं बघितलं. मग एक दिवस गाडीवाल्याला मुद्दाम सांगून गाडी लवकर सोडायला लावली आणि मी किती जोरात पळते ते पाहिलं. मी गाडी पकडली. संध्याकाळी ते म्हणाले, "तू आमची दुसरी."

मला आधी काही भलतंच वाटलं आणि मी रात्रभर दाराला कडी लावून बसले. सकाळी शांताकाकूंनी अर्थ सांगितला.

ते कुणालाच नावानं हाक मारायचे नाहीत. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. संगीताताई पहिली, दोन मुलांची आई. तिचा नवरा एकदा मैदानावर येऊन म्हणाला, "तात्या, घरी बी तिला पयलीच म्हना, दुसरीची भीती न्हाय राहनार." तात्या हसले नाहीत. त्यांना रिलेवरचे विनोद कळायचे नाहीत.

पण त्यांचा खरा देव म्हणजे खूण.

पुढची उभी असते तिथून मागं, येणारीच्या वाटेवर, एक खूण करतात. सरावाला फक्कीची, स्पर्धेत चिकटपट्टीची. मागून येणारीचा पाय त्या खुणेवर पडला रे पडला की पुढचीनं जीव तोडून पळत सुटायचं. मग मागं बघायचं नाही. मागची "हात!" म्हणून ओरडली की हात मागं सोडायचा आणि बॅटन येणार असा विश्वास ठेवायचा. खूण फार लांब लावली तर पुढची लवकर सुटते आणि मागचीला गाठता येत नाही. फार जवळ लावली तर दोघी एकमेकींवर आदळतात. तात्या ती आपल्या जुन्या कॅनव्हासच्या बुटांनी, टाचेला टाच लावत मोजायचे. वाऱ्याची दिशा बघायचे, कोण जेवलंय कोण उपाशी आहे विचारायचे, मग पाऊल अर्धं पुढं, अर्धं मागं. लावून झाली की उभं राहून म्हणायचे, "भानुदासाची खूण हाय." म्हणजे विषय संपला.

ती चुकली असं कुणी म्हणायची हिंमत नव्हती. सराव चालायचा त्या शाळेच्या मैदानावर एकदा लग्न होतं आणि आचाऱ्यानं जिलेबीची भट्टी नेमकी तिसरीच्या खुणेवर मांडली. तात्या म्हणाले, उचला. आचारी म्हणाला, तेल तापलंय. वरात दारात, बँड वाजतोय, आणि हे दोघं कढईच्या दोन्ही बाजूंना उभे. शेवटी भट्टी हलली. पण पुन्हा कुणी पाय देऊन फक्की पुसेल म्हणून तात्या खुणेशेजारी खुर्ची टाकून बसले. जेवणं सुरू झाली तेव्हा वाढप्यांना माणूस कमी पडला आणि वधूपित्यानं तिथं बसलेल्या तात्यांच्या हातात मठ्ठ्याची बादली दिली. त्यांनी तीन पंगतींना मठ्ठा वाढला. खुणेवरून मात्र एकालाही चालू दिलं नाही.

त्या वर्षी गोष्ट गंभीर होती. आधीची दोन वर्षं आमच्या कंपनीच्या संघाचं बॅटन पडलं होतं किंवा संघ बाद झाला होता. सरावासाठी आम्हाला एक तास लवकर सोडायचे, ते मॅनेजर साहेबांना खुपायला लागलं होतं. त्यांनी चौघींना केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "जिंका म्हणत नाही मी. पण यंदाही घोटाळा केला तर सराव बंद, संघ बंद. आणि जिनं घोटाळा केला तिनं माझ्यापुढं यायचं." घोटाळा कुणाच्या नावावर लागणार ते मला ठाऊक होतं.

मी तात्यांना सांगितलं, मला काढा. ते म्हणाले, "डावा हात कसा हाय आता?"

"बरा आहे."

"मग झालं."

शनिवारी टेम्पोनं आम्ही इंदापूरला गेलो. रस्ताभर उसाचे ट्रॅक्टर, दोन-दोन ट्रॉल्या लावलेले, ओव्हरटेक करता येईना. वैशाली खिडकीला डोकं टेकून बसलेली. ती माहेरची पळसदेवची, दिलेली काटेवाडीला. सासरचे लोक पळायला जाऊ देत होते ते एवढ्यासाठी की गेल्या वर्षी तिला एकटीच्या शर्यतीत ढाल मिळाली होती आणि ती सासऱ्यांनी टीव्हीवर ठेवली होती. "ह्या टायमाला काय न्हाय आणलं तर सासूबाई म्हनत्याल, घरी बस," असं ती मध्येच बोलली आणि लगेच माझ्याकडं वळून, "तू नुसती कपाळाला लावू नगंस म्हंजे झालं."

तात्यांनी मैदानावर खुणा लावल्या. माझी आणि वैशालीची लावायला सगळ्यात जास्त वेळ घेतला. पांढरी चिकटपट्टी अंगठ्यानं दाबून दाबून बसवली.

शिट्टी झाली. संगीताताई आली, तिचा पाय खुणेवर पडला, मी सुटले. "हात!" माझा डावा हात आपोआप मागं गेला आणि बॅटन त्यात असं येऊन बसलं की मला ते आल्याचं कळलंच नाही. मी पळत होते. कुणाचे आभार मानायचे नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातात काहीतरी होतं आणि मला त्याची भीती वाटत नव्हती.

समोर वैशाली, मागं मान वळवून खुणेकडं बघत उभी. मी खुणेपासून अजून लांब होते. तेवढ्यात शेजारच्या पट्ट्यातली डेअरीच्या संघाची मुलगी सुटली. वैशालीच्या डोळ्याच्या कोपऱ्यात ती दिसली असणार. तिलाही राहवलं नाही, तीही सुटली.

मी ओरडले, "हात!" तिनं हात दिला. चांगला, उघडा, शिकवला होता तसाच हात. तो माझ्यापुढं चालला होता आणि मी त्याच्यामागं. बॅटन ज्या रेषेच्या आत द्यायचं असतं ती रेषा गेली आणि मग माझी बोटं तिच्यापर्यंत पोचली. लाल झेंडा वर झाला. बाद.

चौथीला झेंडा दिसलाच नाही. ती बिचारी जीव तोडून पळाली, दुसऱ्या नंबरानं आली आणि दोन्ही हात वर करून नाचायला लागली. तिला थांबवायला कुणी जाईना.

मॅनेजर साहेब रुमालानं मान पुसत आले. "कोण होती? ही नवीनच ना? किनवटची?"

वैशाली मांडी घालून जमिनीवर बसली होती, तोंड ओढणीत. मला तिचा राग आला नाही असं म्हणणार नाही. पण तिची पाठ हलत होती, आणि मला टीव्हीवरची ती ढाल आठवली.

तात्या कधी आले कळलं नाही. ते सरळ खुणेपाशी गेले, वाकले, गुडघ्यावर हात टेकून पुन्हा वाकले आणि चिकटपट्टी नखानं सोलून काढली. तिचा बोळा केला. खिशात घातला.

"साहेब, पोरींची काय बी चूक न्हाय. खूण माझी चुकली."

"तुमची?" साहेब बघतच राहिले. संगीताताईनंही मान वर केली.

"दोन हात लांब लागली. त्यामुळं तिसरी लवकर सुटली. ही बिचारी कितीबी पळाली असती तरी गाठलं नसतं."

"तात्या, तुमची खूण चुकली?"

"डोळ्यास्नी दिसंना झालंय आता," तात्या म्हणाले. ज्यांना ओट्यावरून रस्त्यापलीकडच्या एसटीची पाटी वाचता येते ते तात्या.

साहेबांनी रुमालाची घडी घातली. मग म्हणाले, "मग बायकांचं राहू दे सुरू. पण पुढच्या सोमवारपासून एखादा तरुण माणूस बघतो. तुम्हीही आराम करा."

"बघा की," तात्या म्हणाले.

परत येताना काटेवाडीला वैशाली उतरली, तात्यांच्या पायांना हात लावायला वाकली. त्यांनी पाय सीटखाली ओढून घेतले. "जा लवकर. सैपाकाला उशीर हुईल."

घरी आल्यावर मी ओट्याखाली उभी राहिले. "काहून खोटं बोलले तात्या? मी उद्या जाऊन साहेबांना सांगते, खूण बरोबर होती."

"अजिबात जायचं न्हाय." त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. मग खाली आला. "तिला सासरची काढून घेत्याल. तुला कंपनी काढंल. मला कोण काढनार? मला काढलं तरी मी घरीच हाय."

सोमवारपासून एक तरुण मास्तर आला. चांगला मुलगा, गळ्यात शिट्टी, आम्हाला मॅडम म्हणायचा. पहिल्याच दिवशी सराव संपल्यावर वैशाली माझ्याबरोबर कन्हेरीला आली. तात्या ओट्यावर बसले होते. ती उभ्या उभ्याच बोलायला लागली, "तात्या, त्या दिवशी माझीच..."

"च्या घेनार का?" तात्या म्हणाले.

"न्हाय, पर आयका तर, मी लवकर..."

"साखर टाकू का बिनसाखरेचा?"

तिनं चहा घेतला. रडत रडत घेतला, आणि तात्या तो संपेपर्यंत शेजारच्या गाभण गाईबद्दल बोलत राहिले.

ती गेल्यावर मी खोलीकडं वळले. तेव्हा माझं लक्ष त्यांच्या पायांकडं गेलं. पायात कॅनव्हासचे बूट होते, नाड्या घट्ट बांधलेल्या. दुसऱ्या दिवशीही तसेच. तिसऱ्याही. सरावाच्या वेळेला ते बूट घालून ओट्यावर येऊन बसायचे आणि कुठंच जायचे नाहीत.

चौथ्या दिवशी मी खोलीत न जाता ओट्यावरच बसले. घाम निथळत होता, पाणीही प्याले नव्हते. तात्यांनी रस्त्याकडं बघत विचारलं, "आज कोन कोन आलतं?"

"सगळ्या."

"चवथीचा गुडघा?"

"दुखतो म्हणाली. पण पळाली."

"सांग की मग. पयल्यापास्नं सांग."

मग मी सांगितलं. किती चकरा मारल्या, संगीताताईचा लहान मुलगा मध्येच मैदानात कसा आला, वैशाली कशी शिस्तीत खुणेकडं बघत उभी राहिली, मास्तरची शिट्टी कशी वाजेनाच. तात्या मध्येमध्ये "हं" म्हणायचे. मी त्या दिवशी किती वेळ बोलले ते मला माहीत नाही. शेवटी सगळ्याजणी घरी गेल्या इथपर्यंत आले, आणि सांगायचं काही उरलं नाही.

तेव्हा तात्या वाकले आणि हळूहळू नाड्या सोडायला लागले.