मंद वाऱ्याची हिट गाणी

मुरुडपासून श्रीवर्धनपर्यंत सॉफ्ट रॉक गाणारी जोडी एकच, हे मी छातीठोकपणे सांगतो! एक मी, मार्तंड, हायस्कुलात भूगोल शिकवणारा. दुसरा माझा मित्र सदा, पाण्याचे पंप दुरुस्त करणारा. जोडीचं नाव ‘मंद वारा’. दोन गिटार, दोन आवाज आणि गाणी इतकी हळुवार, की कानाशी बसलेला डाससुद्धा उठू नये!

यंदा आम्ही आमच्या हिट गाण्यांचा संग्रह काढला.

“हिट झाली कधी?” माझी बायको निवेदिता वाल सोलता सोलता म्हणाली.

“संग्रह निघाला की होतील!”

प्रकाशनाची संधीही चालून आली. बोर्ली पंचतनला सदाच्या पुतणीची, प्राप्तीची हळद होती. मांडवात कपाटाएवढे स्पीकर! आणि ऐन वेळी साऊंडवाल्या कुलदीपच्या लॅपटॉपवर कुणीतरी सरबत सांडलं.

“मास्तर, लावायला कायतरी हाय काय?”

मी खिशातून पेनड्राईव्ह असा काढला, जणू संजीवनीची मुळीच! कुलदीपनं कुठून तरी दुसरा लॅपटॉप आणला आणि आमचं पहिलं गाणं लागलं: ‘तू गेलीस, दारी दिवा राहिला…’

“आवाजच येत न्हाय!” कुलदीप म्हणाला आणि त्यानं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. मग मात्र अख्ख्या बोर्लीनं ऐकलं, ‘गेलीस गं… कायमची गेलीस…’

सदाची आई ठमाबाई पडवीतल्या खाटेवर जरा टेकली होती. दुसऱ्या कडव्याला तिला गाढ झोप लागली. तोंड उघडं, हात छातीवर. म्हातारीची झोप मोडू नये म्हणून बायका भोवती गप्प बसल्या. तेवढ्यात शेजारणीनं कुंपणावरून डोकावलं. गप्प बायका, आडवी म्हातारी, वरून हे गाणं! तिनं तोंडाला पदर लावला, “गेली गो ठमाबाई!”

पाच मिनिटांत शेजारच्या आळीतले पुरुष आले, चपला काढून माना खाली घालून बसले. एकानं मला हळूच विचारलं, “कवा गेली?”

मला वाटलं, गाण्यातली! मी खुशीत म्हणालो, “पहिल्याच ओळीत! पण खरी मजा पुढेच आहे!”

तो माझ्यापासून चार हात लांब जाऊन बसला.

इतक्यात सदाचा मोठा भाऊ अनंता धावत आला. तोंड पांढरंफटक! “नवऱ्याकडची उष्टी हळद घेऊन टेम्पो आला व्हता, तो नाक्यावरूनच फिरला! सुतक हाय म्हनतात! लगीन पुढं ढकलनार!”

हळदीनं माखलेली प्राप्ती पाटावरच रडायला लागली. मी आणि सदा हळद फासलेल्या तोंडांनीच स्कूटरवर बसलो आणि टेम्पोमागे दिघीच्या रस्त्याला लागलो.

“कोनी मेलं न्हाय! थांबा!” सदा ओरडत होता.

टेम्पोवाल्यानं आरशात पाहिलं. पिवळ्याजर्द तोंडाची दोन माणसं बोंबलत मागे लागलीत! त्यानं वेग वाढवला. रस्त्यात म्हशी आडव्या आल्या नसत्या, तर तो थेट खाडीतच गेला असता!

नवऱ्याचा मामा खाली उतरला. “कोनी मेलं न्हाय, तं गानं कसलं लावलंय?”

“ते आमचं हिट गाणं आहे,” मी म्हणालो.

मामानं मला आपादमस्तक न्याहाळलं. “ह्ये हिट?”

नाना शपथा घेतल्या, तेव्हा टेम्पो मागे वळला. पण त्यांचा विश्वास काही बसेना. नाक्यावर पोचलो आणि… धडाड धूम! मांडव हादरत होता! आमचंच गाणं, पण कुलदीपनं त्याचा वेग दुप्पट करून खाली ढोल जोडले होते! आणि मधोमध कासोटा खोचून नाचत होती साक्षात ठमाबाई!

“मेली कोन? मी?” ती टेम्पोकडे बघून गरजली. “नातीच्या हळदीत मराया मी येडी हाय व्हय? उतरा खाली, नाचा!”

टेम्पो रिकामा झाला. मामा नाचला. दुखवट्याला आलेले अनवाणीच नाचले. प्राप्तीला उष्टी हळद लागली आणि ती रडता रडता हसायला लागली. “परत लावा! परत लावा!” गाणं पुन्हा पुन्हा वाजलं.

सदाचे डोळे भरून आले. “मार्तंडा, हिट झालं रे!”

माझी छाती दोन इंच फुगली.

ठमाबाई धापा टाकत खाटेवर बसली. सदा तिच्यापाशी वाकला. “आये, गानं कसं वाटलं?”

“लय झ्याक!” ती म्हणाली. “त्या दोगी पोरी काय गोड गातात रं! उंद्या लग्नाला त्यांनाच बोलव!”

वेग वाढला की आवाज बारीक होतो, हे तिला कोण सांगणार?

सदानं माझ्याकडे पाहिलं. मी घसा खाकरला आणि जमेल तितक्या बारीक आवाजात म्हणालो, “सांगतो हं त्यांना.”