ओटीपी मागणारी रुबीना

पाचला दहा मिनिटं कमी होती आणि रुबीनाचं डोकं तव्यासारखं तापलं होतं. विज्ञान स्पर्धेचा फॉर्म पाचला बंद होणार होता. अमरावतीच्या कॉलेजात बसून तिनं सगळं भरलं, प्रकल्पही चढवला. गाडी अडली ती सहा आकड्यांवर. ओटीपी गेला होता दर्यापूरला, पालक म्हणून नंबर दिलेल्या अब्बांच्या बटनांच्या फोनवर. अब्बा, म्हणजे शफीकभाई, तिथे घराच्या ओसरीत गाद्या भरत. कॉलेजात मोबाइलला बंदी, म्हणून रुबीनाचा फोन राजापेठेत फुप्पीच्या, म्हणजे आत्याच्या, घरी पडलेला. तिनं विज्ञानाच्या वर्षाली मॅडमच्या फोनवरून नंबर लावला.

"अब्बा, मी रुबीना. आत्ता मेसेज आला असंन, त्यातला नंबर सांगा."

"कोन रुबीना?"

आता बोलायचं कुणाला? मागच्याच महिन्यात शेजारच्या मोतीरामकाकांना कुणीतरी पुतण्याच्या हुबेहूब आवाजात गंडवलं, तेव्हा रुबीनानंच घराला कायदे लावून दिले होते. अनोळखी नंबर असला की घरातलं काहीतरी विचारायचं. समोरचा घाई करायला लागला, आवाज चढवायला लागला, की फोन कापायचा. प्रकल्पही त्यातूनच निघालेला. कुठलीही सुरक्षा-पद्धत पुढ्यात ठेवा, ती फुटेल की नाही हे दरवेळी बिनचूक सांगणारं यंत्र बनूच शकत नाही, हे तिनं त्यात छान समजावलं होतं. "पण आमच्या घरची नाही फुटत," असं मॅडमना वर ऐटीत ऐकवलंही होतं.

"आईतवारी घरी काय शिजलं व्हतं?" अब्बांनी विचारलं.

"अंड्याचा रस्सा."

"ते तं आमच्या पोरीनं स्टेटसले टाकलं व्हतं. सारं दर्यापूर जानते. बकरीचं नाव सांग."

"गुलफाम."

"तेबी स्टेटसले हाय. फोटोसकट."

"अब्बा, टाइम नाही. लवकर सांगा ना."

"घाई," शफीकभाई शांतपणे म्हणाले आणि फोन कापला.

दुसऱ्यांदा रुबीना फोनवरच फुटली. "अब्बा, माहं डोकं नका खाऊ. पोरीचा आवाज वळखू येत नाही का तुमाले?"

"आवाज चढला." फोन कट.

"जरा गोड बोलून पाहा," मॅडम म्हणाल्या.

रुबीनानं दातओठ खाऊन आवाजात मध कालवला. "अब्बाजान, मेहेरबानी करून तेवढा नंबर सांगता का?"

"माही पोरगी जलमात अशी बोलली नाही. पोलिसात देऊ का तुले?" कट.

घड्याळात पाचला दोन मिनिटं कमी होती. चार महिन्यांची मेहनत. रागानं रुबीनाचे डोळे भरून आले. चौथ्यांदा लावला तो फक्त सांगायला.

"राहू द्या अब्बा. नाही पायजे मले नंबर. फॉर्म गेला चुलीत."

"नाही पायजे?"

"नाही."

शफीकभाईंनी विचार केला. "चोर असता तं नको कायले म्हनला असता? लिही. चार, शून्य, सात, सात, दोन, नऊ."

बोटं धावली. पडद्यावर हिरवी खूण उमटली: अर्ज स्वीकारला. मॅडमनी सुटकेचा श्वास सोडला. रुबीना मात्र आता खरी पेटली.

"अब्बा, तुमी नंबर देलाच काहून? उद्या चोरबी नको म्हनन, मंग त्यालेबी देसान? सत्यानाश केला तुमी माह्या कायद्याचा. एक मिनिट दम धरता नाही आला?"

तिकडे फोन बाजूला धरून शफीकभाई बायकोला सांगत होते, "अनीसा, चाय मांड वं. रुबीनाच व्हती."