दहापैकी तीन

जेवणाचं टेबल दोनदा पुसून झालं तरी बाई लॅपटॉप उघडेनात. शनिवारची दुपार होती, घरात शांतता होती, भांडी घासून झाली होती, म्हणजे टाळाटाळ करायला आता काहीच उरलं नव्हतं.

"अगं, चावत नाही तो," त्यांचे यजमान पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले.

"तो नाही चावत. हेडसर चावतात."

बाई म्हणजे शाळेतल्या भाषेच्या बाई. निवृत्तीला आता एकच वर्ष राहिलं होतं, म्हणजे दहावीची एकच तुकडी. ही शेवटची तुकडी आपल्या हातून बाहेर पडावी आणि मगच आपण शाळेबाहेर पडावं, एवढीच त्यांची इच्छा होती. पण शाळेत शिक्षकांसाठी तंत्रज्ञानाचं प्रशिक्षण आलं आणि हेडसरांनी भर सभेत सांगून टाकलं, "प्रशिक्षण जो पूर्ण करणार नाही, त्याच्याकडे दहावी राहणार नाही." सांगताना ते सगळ्यांकडे बघत होते, पण रोख कोणाकडे आहे ते शिपायालाही कळलं. हेडसर मूळचे भाषेचेच. हेडसरांच्या खुर्चीत बसल्यापासून त्यांचा वर्ग सुटला होता आणि बाईंच्या दहावीवर त्यांचा डोळा होता.

प्रशिक्षण देणाऱ्या ट्रेनर मॅडम वयाने लहान आणि बोलायला भलत्याच चपळ होत्या. बाईंनी वहीत 'येथे क्लिक करणे' असं सुवाच्य अक्षरात लिहून वर बघावं, तोवर त्या तीन क्लिक पुढे गेलेल्या असत. एवढ्या धावपळीत बाईंना नीट जमलेल्या गोष्टी दोनच. एक म्हणजे चुकलेलं पुसायचा उलटा बाण आणि दुसरी म्हणजे अक्षरांना रंग देणं.

शेवटचा गृहपाठ घरी करायचा होता. सगळ्या शिक्षकांची मिळून एक फाइल. त्यात आपापल्या नावाखाली 'या प्रशिक्षणातून मी काय शिकलो' हे लिहायचं आणि सोमवारी सकाळी ती फाइल मोठ्या पडद्यावर सगळ्यांनी मिळून बघायची. "जागा रिकामी राहिली तर प्रशिक्षण अपूर्ण धरणार हं," ट्रेनर मॅडमनी बजावलं होतं. "पण घाबरू नका. फाइल तुमचीच आहे, बिनधास्त लिहा!"

शेवटी बाईंनी लॅपटॉप उघडला. फाइल पहिल्याच फटक्यात उघडली, तेव्हा त्यांना जरा धीर आला. त्यांचं नाव सगळ्यांत खाली होतं. लिहिण्याआधी इतरांनी काय दिवे लावलेत ते बघावं म्हणून त्या वरून वाचू लागल्या, आणि तिथेच घात झाला.

विज्ञानाच्या मॅडमनी कुठूनतरी उचलून जसाच्या तसा मजकूर चिकटवला होता. त्यात 'आमच्या कंपनीची उत्पादने' असाही उल्लेख होता. पीटीच्या सरांनी लिहिलं होतं, 'प्रशिक्षण छान झाले. पंखा चालू होता. खुर्च्या मात्र कडक होत्या.' आणि हेडसरांनी पानभर लिहिलं होतं, त्यात त्यांचं बालपण होतं, त्यांचा संघर्ष होता, त्यांना मिळालेल्या ढाली होत्या. प्रशिक्षणाचा मात्र मागमूस नव्हता.

"अहो, हे ऐका," बाई म्हणाल्या आणि त्यांनी हेडसरांचा उतारा वाचून दाखवला.

"किती देशील?" यजमानांनी विचारलं.

असं काही बाईंना विचारू नये. इतकी वर्षं त्यांच्या हातातून न तपासलेला कागद गेला नव्हता. शिवाय शाळेत वाटलेला कागद ज्याच्या हातात येतो, ती त्याची प्रत, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. आपल्या लॅपटॉपवर आलेली फाइल ही आपली प्रत. आपल्या प्रतीवर आपण काहीही खरडावं, कोणाच्या बापाचं काय जातं?

त्यांनी लाल रंग निवडला.

विज्ञानाच्या मॅडमना 'कॉपी केली आहे. ४/१०' मिळाले. पीटीच्या सरांना 'थोडक्यात पण प्रामाणिक. ७/१०'. हेडसरांपाशी बाई क्षणभर थांबल्या, मग बोटं आपोआप चालली. 'विषय सोडून लेखन. ३/१०. पालकांना भेटायला सांगावे.'

यजमान हसून हसून खोकायला लागले. कितीतरी दिवसांनी बाईही मोकळेपणाने हसल्या. तेवढ्यात फोन वाजला.

"बाई," पलीकडून विज्ञानाच्या मॅडमचा रडवेला आवाज आला, "तुम्ही मला चार दिलेत?"

"तु... तुला कसं कळलं?"

"मला दिसतंय ना! सगळ्यांनाच दिसतंय! एकच फाइल आहे, बाई. तुम्ही लिहिता ते जिथल्या तिथे सगळ्यांना दिसतं. वर कोपऱ्यात तुमचा फोटोसुद्धा आलाय."

बाईंनी बघितलं. कोपऱ्यात एका छोट्या गोलात त्यांचा फोटो होता आणि तो हसत होता.

"अहो, आता काय करू?" त्यांनी फोन टेबलावर टाकला.

"पुसून टाक पटकन," यजमान म्हणाले. एरवी अतिशय शांत डोक्याचा माणूस, पण तेही उभे राहिले होते.

बाई घाईघाईने लाल अक्षरं धरायला गेल्या आणि सगळीच फाइल निळी झाली. त्यांनी पुसायचं बटण दाबलं. पडदा पांढरा स्वच्छ झाला. बाईंना हुश्श वाटलं, ते फोन पुन्हा वाजेपर्यंत. या वेळी पीटीचे सर होते.

"बाई, माझे सात मार्क कुठे गेले? बायकोला दाखवत होतो!"

"सात गेले ते सोडा, सर! सगळ्यांचं सगळंच गेलं!" बाई ओरडल्या. तपासलं हा एक गुन्हा, त्यात सगळ्या शाळेचा गृहपाठ नष्ट केला हा दुसरा. वहीतलं पान शोधून त्यांनी उलटा बाण दाबला. सगळं परत आलं. हेडसरांचं बालपण आलं, संघर्ष आला आणि त्याखाली लालभडक तीनही आले.

ते तीन पुसायला त्या पुढे सरसावल्या, तर हेडसरांच्या उताऱ्यात एक हिरवी रेघ लुकलुकताना दिसली. रेघेवर हेडसरांचं नाव होतं. ती रेघ हळूहळू खाली उतरली, 'विषय सोडून' पाशी थांबली, मग 'पालकांना' पाशी थांबली आणि तिथेच लुकलुकत राहिली.

बाईंनी लॅपटॉप धाडकन मिटला आणि त्यावर अभ्रा घातलेली उशी ठेवली.

थोड्या वेळाने मोबाइलवर हेडसरांचा निरोप आला, 'सोमवारी बोलू.'

"बोलू म्हणजे काय हो?" बाईंनी निदान वीस वेळा विचारलं.

"म्हणजे बोलू," यजमान म्हणाले.

"दहावी गेली माझी. शेवटची दहावी होती, आपल्या हाताने घालवली मी." आणि बाईंच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. यजमानांनी उठून चहा टाकला.

रविवारी सकाळी मन घट्ट करून बाईंनी फाइल पुन्हा उघडली. सगळे शेरे एकेक करून पुसायचे आणि सगळ्यांची माफी मागायची, असं त्यांनी ठरवलं होतं. पण विज्ञानाच्या मॅडमनी चिकटवलेला उतारा काढून स्वतःचा लिहिला होता. खाली लिहिलं होतं, 'बाई, आता बघा ना.'

उतारा चांगला होता. चांगल्या उताऱ्याला चार मार्क ठेवणं हा अन्याय झाला असता. बाईंनी चारचे साडेसात केले. लगेच गणिताच्या सरांनी कळवलं की त्यांचं तपासायचं राहूनच गेलंय. चित्रकलेच्या मॅडमना अर्धा मार्क कशाचा कापला ते हवं होतं. पीटीच्या सरांनी खुर्च्यांविषयी आणखी चार ओळी वाढवल्या आणि आठ मागितले. दिवसभर बाई मान मोडून तपासत राहिल्या. थांबलं की सोमवार आठवायचा, त्यापेक्षा तपासणं बरं.

संध्याकाळच्या सुमाराला हेडसरांचं बालपण नाहीसं झालं. संघर्ष गेला, ढाली गेल्या. बराच वेळ ती जागा मोकळी राहिली. मग तिथे अक्षरं उमटू लागली. 'मला या प्रशिक्षणातले फारसे कळले नाही. वरच्या कार्यालयातून येणारी ई-पत्रे मला मुलगी वाचून दाखवते. प्रशिक्षणात मी सर्वांत पुढे बसलो, कारण मागे बसलो असतो तर मला येत नाही म्हणून लपतो आहे, हे सर्वांना समजले असते.' पुढे मात्र वाक्यांची गाडी थोडी घसरली होती आणि शेवट गुंडाळलेला होता.

बाई कितीतरी वेळ ते वाचत होत्या.

"दहा दे आणि सुटून जा," यजमान मागून म्हणाले.

"शेवट गुंडाळलाय."

"अगं, तुझी दहावी..."

"दहावीतल्या पोराला दिले असते का मी दहा?" असं म्हणून बाईंनी साडेपाच लिहिले आणि मग रात्रीचं जेवण त्यांना गेलं नाही.

सोमवारी संगणकाच्या खोलीत सगळा शिक्षकवर्ग जमला होता. हेडसर पुढच्या रांगेत होते आणि त्यांनी बाईंकडे वळूनही पाहिलं नाही. ट्रेनर मॅडमनी फाइल मोठ्या पडद्यावर लावली. भिंतभर लाल शेरे उमटले. बाईंना वाटलं, आता फरशी दुभंगली तर बरं होईल.

"हे कोणी तपासलं?" ट्रेनर मॅडमनी विचारलं.

सगळ्या माना बाईंकडे वळल्या.

"मी इतक्या शाळांमध्ये गेले," ट्रेनर मॅडम म्हणाल्या, "सगळीकडे लोक कुठलंतरी चिकटवून मोकळे होतात. इथे लोकांनी दोन-दोनदा लिहिलंय! हेच तर शिकवायचं होतं मला."

खोलीत टाळ्या झाल्या. पीटीच्या सरांनी शिट्टीही वाजवली. बाईंच्या छातीवरचं ओझं जरा हललं. ट्रेनर मॅडम कौतुक करत खाली खाली जात होत्या आणि अगदी तळाशी येऊन थांबल्या. तिथे बाईंचं नाव होतं. नावाखाली काहीच नव्हतं.

बाई बघतच राहिल्या. दोन दिवस अख्ख्या शाळेचं तपासलं, स्वतःचं लिहायचं राहूनच गेलं होतं!

"अरेच्चा," ट्रेनर मॅडम ओशाळून म्हणाल्या, "नियमाने हे अपूर्ण धरावं लागतं. म्हणजे... मी काय करू, सर?"

हेडसर उठले. "बाई, जरा बाहेर या."

व्हरांड्यात दोघं समोरासमोर उभे राहिले.

"सर, मी माफी मागणारच होते. ती फाइल माझी एकटीची आहे असं वाटलं मला."

"आईला दाखवली मी," हेडसर म्हणाले.

"कोणाला?"

"पालकांना भेटायला सांगा म्हणालात ना तुम्ही. आई आता पंच्याऐंशीची आहे, जिने उतरवत नाहीत तिला. म्हणून मीच वाचून दाखवलं. म्हणाली, बाईंनी तीन तरी कशाला दिले? बस आणि पुन्हा लिही. मग बसलो."

बाईंना हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती, त्यामुळे दोन्ही अडकलं. "आणि दहावी, सर?"

हेडसरांनी शेजारच्या दहावीच्या वर्गात खिडकीतून बघितलं. तास रिकामा असल्याने आत दंगा चालला होता.

"मला घ्यायची होती ती. खरं सांगतो, फार मनापासून घ्यायची होती," ते म्हणाले. "पण साडेपाच मार्कांचा माणूस दहावीला काय शिकवणार? तुमच्याकडेच राहू दे."

'सहाही देता आले असते' हे वाक्य बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण ते खरं नव्हतं, म्हणून त्यांनी गिळलं. "उपकार झाले, सर."

"उपकार कसले? नियम आहेच. तुमचं आज पूर्ण झालं पाहिजे. माझ्यासमोर बसून लिहा," हेडसर म्हणाले आणि त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक वर्षांनी वर्गातल्या मास्तरांचं तेज आलं. "तपासणार मी आहे."

शाळा सुटल्यावर हेडसरांच्या केबिनमध्ये बाई लॅपटॉप उघडून बसल्या. समोर हेडसर हाताची घडी घालून बसले होते. 'या प्रशिक्षणातून मी' एवढं लिहून बाई अडल्या. पुढे काय लिहावं ते काही केल्या सुचेना. हेडसर उठले, टेबलाला वळसा घालून हळूच त्यांच्या मागे आले आणि वाकून बघू लागले.

बाईंनी चटकन डावा हात पडद्यावर आडवा धरला.