परतीची तार

दर शनिवारी अकराच्या सुमारास आमच्या धुळ्याच्या कचेरीत मागल्या पडवीतून आरोळी यायची, "उना! परत उना!" नवा माणूस दचकून उभाच राहायचा. कोण आलं? कुठून आलं? जुने कारकून मानही वर न करता म्हणायचे, "बसा हो. नानांचा करंट आला."

दगडूनाना आमच्या कोठीचे कारकून. वय पन्नाशीचं, अंगकाठी किडकिडीत, मिशा मात्र दोन माणसांना पुरून उरतील एवढ्या. शनिवारी ते पडवीत पाट मांडत. पाटावर दोन तारा, अंगठ्याएवढ्या जाड, वरून रबर, आत तांबं, टोकांना शिशाच्या कड्या. एकीला लाल चिंधी, दुसरीला काळी. मग गरम पाण्यात खाण्याचा सोडा टाकून कड्यांना अंघोळ. जरा कुठे हिरवट बुरशी दिसली की नाना एवढे कष्टी होत की घरात कोणाला गोवर निघालाय असं वाटावं. अंघोळीनंतर तारा दोरीवर वाळत. वाळल्या की कड्यांना व्हॅसलीन. शेवटी टॉर्चचा एक सेल आणि एक चिमुकला बल्ब दोन्ही तारांना जोडायचा. बल्ब लागला की आरोळी.

आता तुम्ही म्हणाल, माणूस सामानाची काळजी घेतो, यात हसण्यासारखं काय? सांगतो. या तारा होत्या बोटीच्या मोटारीच्या. आणि आमच्याकडे बोट नव्हती. मोटार नव्हती. बॅटरीही नव्हती. नदी होती, पांझरा, पण तिच्यात वर्षाचे आठ महिने पाणी नव्हतं.

बोट एके काळी होती. कुठल्याशा पुरानंतर कोणा साहेबाच्या डोक्यात आलं की धुळ्याला बोट हवी. ती आली तेव्हा पांझरेत गुडघाभर पाणी होतं. उद्घाटनाला साहेब हार घालून बोटीत बसले, मोटार धडधडली, आणि बोट वीस हात जाऊन वाळूत रुतली. शेवटी दोन बैलजोड्यांनी साहेबांना काठाला लावलं. बैलांनाही हार घातले होते, असं नाना शपथेवर सांगत.

बोटीबरोबर कादरभाई आले. मोटारीचे मिस्त्री. बोट चालवायला पाणी नव्हतं, म्हणून त्यांनी जन्मभर जे वापरलं असतं ते सगळं कौशल्य त्या दोन तारांवर खर्च केलं. तारा त्यांनी स्वतः बनवल्या होत्या. तांब्याचे पदर घासायचे, त्यांना कथलाचा हात द्यायचा, पदर कडीत बसवायचे आणि वरून वितळलेलं कथील ओतायचं. गार होईपर्यंत तार हलली तर सांधा गेला. कादरभाई ओतायचे आणि नाना श्वास रोखून तार धरायचे. त्यानंतर दोघं चहा घेत आणि कोणाचा हात हलला यावर भांडत. हे भांडण चार वर्षं चाललं. नानांना घरी कोणी नव्हतं, त्यामुळे भांडायला कचेरीतच यावं लागे.

मग लढाई सुरू झाली. सरकारला बोटी हव्या होत्या. एक दिवस ट्रक आला आणि बोट, मोटार, बॅटरी आणि कादरभाई, सगळं एकदम मुंबई बंदराकडे गेलं. पुढे ब्रह्मदेशाच्या बाजूला गेले असं कोणी म्हणे. पत्र काही आलं नाही. तारा तेवढ्या घाईत धुळ्यातच राहिल्या.

तेव्हापासून नानांच्या तोंडी एकच वाक्य. "गया ते ठीक, पन परत येवाले जोयजे!" म्हणजे, परत यायला पाहिजे. लाल तारेनं करंट जातो, काळीनं परत येतो. परतीचा रस्ता बिघडला तर जाणारा निघतच नाही, हे त्यांचं शास्त्र. काळ्या तारेला म्हणून व्हॅसलीन दुप्पट. हे शास्त्र ते सगळीकडे लावत. कोणी रजेवर निघाला, कोणी शेजारचा तांब्या मागून नेला, पिंपळनेरला वऱ्हाड निघालं, की नाना दारात उभे: "परत येवाले जोयजे, भाऊ!" नवरदेवाला हे ऐकून काय वाटत असेल!

आणि मग तांब्याचा हुकूम आला. लढाईला तांबं हवं, कचेऱ्यांतलं निकामी तांबं सोमवारपर्यंत जमा करा. तपासणीला आलेल्या साहेबांनी वहीत वाचलं, 'तारा दोन. स्थिती उत्तम.'

"बोट कुठाय?"

"गई, साहेब."

"मोटार?"

"गई."

"मग या कशासाठी?"

"तयार शेत, साहेब," नाना म्हणाले. म्हणजे, तयार आहेत.

साहेब पोट धरून हसले आणि तारा जमा करायचं काम माझ्या गळ्यात मारून गेले.

मी पडवीत गेलो. नाना दोन्ही तारा मांडीवर घेऊन बसले होते. मी कोरडेपणानं म्हणालो, "द्या नाना. मोटारच नाही, तारा ठेवून करायचं काय?"

नानांनी काळ्या तारेची कडी धोतराला पुसली. मग म्हणाले, "भाऊ, या तारा घाईमा नही राह्यन्यात. मी काढी लिध्या. धोतरमा दपाडी ठेया."

"लपवल्या? का?"

"म्हटलं, तारा नही ते मोटार सुरू व्हनार नही. मंग तारा लेवाले कादरले परत धाडतीन."

"अहो, तारा बनवायला तुम्हाला त्यांनीच शिकवलं. तिकडे त्यांनी दुसऱ्या केल्या असतील!"

"माले काय समजस नही का?" नाना एकदम चिडले. मग आवाज खाली आला. "त्यानी देखं व्हतं, भाऊ. बॅटरी तारांबिगर देखी, मंग माले देखं. कोणले काही सांगं नही. ट्रकवर चढना आनि हासीसन म्हने, 'नाना, तारां साफ रखना. मैं लेने आऊंगा.' मंग आते साफ ठेवाले जोयजे का नही?"

एवढी वर्षं मी या माणसाला हसत होतो, याची मला लाज वाटली.

सोमवारी नाना डोक्यावर घरचं अंघोळीचं तांब्याचं घंगाळ घेऊन कचेरीत आले. तारांच्या चौपट वजन भरलं. मी वहीत लिहिलं, 'तांबं जमा,' आणि 'कशाचं' हा रकाना कोरा सोडला. साहेबांनी वजन पाहून शाबासकी दिली. त्यानंतर नाना स्वतः रॉकेलच्या डब्यातल्या गार पाण्यानं अंघोळ करत. तारांना मात्र शनिवारी गरम पाणी होतंच.

पुढच्या चैत्रात माझी जळगावला बदली झाली. निरोपाला सगळे कारकून दारापर्यंत आले, नाना आले नाहीत. मला जरा लागलंच. कोळशाच्या गॅसवर चालणारी जळगावची सर्व्हिस मोटार धापा टाकत पारोळ्याला थांबली. बाहेर ऊन मी म्हणत होतं. मी पाणी प्यायला उतरलो, छत्रीसाठी हात मागे नेला, तर छत्री नाही. हमालाला शिव्या घातल्या, बाकाखाली वाकून पाहिलं, शेजारच्या म्हातारबांवर संशय घेतला. मग एकाएकी नानांनी धोतरात लपवलेल्या तारा आठवल्या आणि मी शोधायचं सोडून बाकावर बसलो.

पुढच्या शनिवारी मी धुळ्याला गेलो. पडवीतल्या दोरीवर तीन वस्तू वाळत होत्या. लाल तार, काळी तार आणि माझी छत्री. छत्रीच्या काड्यांना व्हॅसलीन लावलं होतं.

नाना माझ्याकडे पाहत राहिले. त्या दिवशी त्यांच्या हातात सेल नव्हता, बल्बही नव्हता, तरी आरोळी सगळ्या कचेरीला ऐकू गेली.

"उना! परत उना!"