उजव्या कडेला

साळवे सर होडीचा फोटो काढायला बसले की लांबून बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस होडीचा मुका घेतोय. नाथसागर धरणाच्या काठावरचा मासेमार कडूबा पहिल्यांदा हे बघून म्हणाला होता, "सर, डांबर हाय ते. चाटू नका, पोट बिघडंल."

सर शहरात, उस्मानपुऱ्यात आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. निवृत्त चित्रकला शिक्षक. बायको गेली, मुलगी पुण्याला. ज्या शहरात नळाला पाणी आलं की लोक अर्धी रजा टाकून घरी पळतात, तिथं या माणसाच्या चारही भिंतींवर होड्या आहेत. अख्खी होडी मात्र एकही नाही. कुठं गंजका खिळा, कुठं धक्क्यावरच्या खुंट्याला आवळलेली दोराची गाठ, कुठं डांबराला गेलेली भेग. कॅमेऱ्याला वाइड अँगलची लेन्स लावायची आणि वस्तूला जाऊन भिडायचं, ही त्यांची पद्धत. मग खिळा डोंगराएवढा दिसतो आणि मागचं धरण काडीएवढं. "अजून पुढं," असं ते स्वतःलाच बजावतात, सरकतात, पुन्हा बजावतात. "लांबून कुणालाबी दिसतं रे. होडीला कळलं पायजे, कुणीतरी भेटाया आलंय."

सोसायटीच्या सेक्रेटरींच्या साठीलाही त्यांनी हीच लेन्स लावली. फोटोत नाक दिवाणखान्यात आणि कान पार तिकडं शहागंजात. सेक्रेटरींनी वर्षभर बोलणं टाकलं. सरांना कारणच कळेना. "मिशीचा एकेक केस आलाय. अजून काय पायजे माणसाला?"

माझ्याकडं गाडी होती म्हणून रविवारी त्यांना धरणावर न्यायचं काम माझ्याकडं आलं. ते उकिडवे बसून डोळा कॅमेऱ्याला लावत आणि विचारत, "सांग बरं विलास, डाव्या कडेला काय हाय?"

"बांबू, सर."

"आन् उजव्या?"

"जाळं वाळत घातलंय."

"शाब्बास."

दर फोटोला ही परीक्षा. मी पन्नाशीचा, कचेरीत हाताखाली माणसं असलेला. कडूबा वल्हं टेकवून हसायचा. "सायेब, आज पास का नापास?" हळूहळू ते शाब्बास मला टोचायला लागलं. पण तोंडावर बोलायचा माझा स्वभाव नाही. मी आतल्या आत साठवतो. पुढचं मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

त्या रविवारी आभाळ मळकट होतं. पाणी खाली गेलेलं, काठाला नुसता चिखल. सर एका जुन्या होडीच्या टोकाशी बसले होते आणि मी शेजारी होडीला टेकून मोबाइल बघत होतो.

"उजव्या कडेला काय हाय?"

मी मान वर केली नाही. "काही नाही, सर. मोकळंय."

त्यांनी फोटो काढला आणि उठून माझ्या शब्दावर उजवीकडं वळले. तिथं नांगराचा दोर ताणलेला होता. सर चिखलात आडवे झाले. कॅमेरा धरलेला हात तेवढा वर राहिला, एखाद्या बुडत्या माणसासारखा. कडूबा धावला. मी हसलो. धावायच्या आधी मी हसलो, हे लिहायला मला एवढे दिवस लागले.

मनगटाला प्लास्टर घालून परत येताना ते एवढंच म्हणाले, "फ्रेम चांगली होती." त्यानंतरच्या रविवारी मी गाडी बिघडल्याचं सांगितलं. पुढं ती बिघडलेलीच राहिली. गाडी रोज त्यांच्या खिडकीखाली उभी असायची. जिन्यात मी अंग चोरून भिंतीला लागून उभा राहायचो आणि ते शेजारून न बोलता निघून जायचे. मला वाटायचं, राग आहे. बरंच वाटायचं.

मग त्यांची मुलगी आली. जाताना आमच्या दारात थांबली. "काका, बाबांकडं लक्ष असू द्या. काचबिंदूनं कडेचं सगळं गेलंय. नळीतून बघावं तसं समोरचं तेवढं दिसतं. तुम्हाला माहीतच असेल म्हणा. मी कॅमेरा सोडा म्हटलं की म्हणतात, विलास हाय की माझ्या कडा बघायला."

मी "हो" म्हणालो. मला काहीही माहीत नव्हतं.

ती परीक्षा नव्हती. सर विचारत होते.

संध्याकाळी मी वर गेलो. दार उघडंच होतं. सर भिंतीपाशी उभे होते, समोर नवी फ्रेम. होडीचं टोक आभाळभर झालेलं, लाकडाच्या रेषा नखानं मोजाव्यात अशा. आणि उजव्या कडेला त्या लेन्सनं ओढून लांबडा केलेला एक माणूस, मान खाली घातलेला. पायाशी दोर.

मी त्यांच्या उजवीकडं जाऊन उभा राहिलो.

"कोण, विलास?" चपलेच्या आवाजावरून ओळखलं असावं. भिंतीवरची नजर त्यांनी हलवली नाही. "पोरगी म्हणती, उजवी कड कापून टाका, फोटो सुधरंल. म्हटलं, राहू दे, त्याला विचारतो." मग नेहमीच्या सुरात, "सांग बरं. उजव्या कडेला काय हाय?"

"मी आहे, सर."

"आन् नजर कुठंय?"

"मोबाइलमध्ये."

"पायाशी?"

"दोर."

"शाब्बास," ते म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता. असता तर सोपं गेलं असतं.

मग त्यांनी उजवा हात बाजूला केला. प्लास्टर निघून मनगट बारीक झालेलं. हात हवेत माझा खांदा शोधत होता, मी होतो त्याच्या बराच अलीकडं.

मी पुढं सरकलो. अजून पुढं.