पेरलेली चूक

"माझ्या हाताखालून एकही चूक कायद्यात गेलेली नाही आणि जाणारही नाही!" असं भिंगकाका दिवसातून चारदा तरी ऐकवायचे. सरकारी छापखान्यात तीस वर्षं कायद्यांची मुद्रितं, म्हणजे प्रुफं, तपासून डोळे अधू झाले होते, पण तोरा शाबूत. वय छप्पन्न. नोकरीची दोन वर्षं उरलेली. तेवढ्यात मुलीचं कॉलेज संपेल, मग सरकारी घर सोडू, असा बेत होता.

त्यांची एक जुनी खोड होती. वरचे साहेब खरंच वाचतात की नुसती सही ठोकतात, हे बघायला पहिल्या मुद्रितात ते मुद्दाम एक ढळढळीत चूक पेरायचे. कोणी पकडली तर शाबास! नाहीतर दुसऱ्या मुद्रितात स्वतःच काढायचे, आणि वर साहेबांना चार शब्द सुनावायचे.

पुढे कायदे कागदावर छापणंच बंद झालं. संकेतस्थळावर येईल तेच अधिकृत. अशात छापखाना कर्मचाऱ्यांचे नवे सेवानियम काकांकडे तपासायला आले. त्यांनी निवृत्तीचं वय अठ्ठावन्नाचं पंचावन्न केलं आणि फाइल वर सरकवली.

"एवढं तरी दिसेल ना मेल्यांना!"

पाच साहेबांनी 'वाचले' हे बटण दाबलं. पाचव्याने दाबलं आणि नियम थेट प्रसिद्ध! नव्या पद्धतीत दुसरं मुद्रित नव्हतंच. तसं परिपत्रक आलं होतं म्हणे. काकांनी ते वाचलं नव्हतं. आता बोला!

दुसऱ्या दिवशी दारातलं हजेरीचं यंत्र काकांचा अंगठा घेईना.

"बिघडलं वाटतं हे," काका म्हणाले.

"यंत्र धडधाकट आहे काका," शिपाई म्हणाला. "तुम्ही काल रिटायर झालात."

काका धापा टाकत मोठ्या साहेबांच्या खोलीत. साहेब जेमतेम पस्तिशीचे.

"साहेब, ती चूक मीच मुद्दाम घातली होती!"

"सरकारी नियमात? मुद्दाम? लेखी देता?"

काकांनी खिशातलं पेन काढलं आणि परत ठेवलं. कबूल करावं तर पेन्शन जाणार, गप्प बसावं तर नोकरी! मग मात्र त्यांचं डोकं फिरलं.

"अहो, पण पाच जणांतल्या एकाने तरी वाचायला नको?"

"तुम्ही तपासल्यावर आम्ही कशाला वाचू? तीस वर्षांत तुमची एक चूक निघाली नाही!"

घ्या! जन्मभर ज्या कौतुकासाठी जीव टाकला, ते मिळालं ते असं.

"मग शुद्धिपत्र काढा ना," काका रडकुंडीला आले.

"काढू की. पण त्यावर मुख्य मुद्रितशोधकाची सही लागते."

"आणा इकडे, आत्ता करतो!"

"तुम्ही कशी कराल? ती जागा कालपासून रिकामी आहे."

घरी बायकोने सेवामुक्तीचा कागद हातात घेतला आणि वाचला. "अहो, महिन्याभरात घर सोडा म्हणतात! पोरीची परीक्षा तोंडावर आलीय. बघा ना, यात तरी काही चुकलं असेल."

काकांनी चष्मा पुसला. कागद एकदा वाचला, दोनदा वाचला, ओळीखाली बोट धरून तिसऱ्यांदा वाचला.

"नाही गं," ते म्हणाले. "बरोबर आहे."