शेवटच्या पाळण्यापर्यंत

या खेपेला काही झालं तरी पाय गार पडू द्यायचे नाहीत, असं वेंडेल टॅगर्टने नोव्हेंबरातच ठरवलं. निर्णय तसा लहानच होता. (पायही तसे लहानच, सात नंबरचे.) पण लहान निर्णयांचं आणि बर्फाच्या गोळ्याचं एकच असतं, एकदा उतारावर सोडला की तो आपला राहत नाही.

वेंडेल लार्च क्रीकच्या नगरपालिकेत कुत्र्यांचे परवाने देण्याच्या खिडकीवर बसतो. खिडकीत हीटर आहे, खुर्चीवर उशी आहे आणि कुत्री बाहेरच थांबतात. असल्या सुखातून शनिवारी उठायचं आणि पायाला स्नोबोर्डची फळी बांधून बर्फाच्या डोंगरावरून घसरत यायचं, हे मुळात त्याच्या बायकोचं वेड. मॉरीन बारा वर्षं टॅमरॅक डोंगराच्या गस्तपथकात होती. पडलेल्यांना उचलून खाली आणायचं, हे तिचं काम. ती फळीवरून पाण्यासारखी वाहत खाली येते. वेंडेलही येतो, पण हप्त्याहप्त्याने येतो.

आणि साडेदहा वाजले की त्याचे पाय गार पडतात. घड्याळ लावून घ्यावं इतके वेळेवर. ‘तू फीर गं, मी जरा पाय शेकून येतो,’ असं म्हणून तो तळाच्या लॉजमध्ये शेगडीजवळच्या टेबलाशी जाऊन बसतो, तो माणसांना डोंगरावर नेणारे लिफ्टचे पाळणे बंद होईपर्यंत. असं दर शनिवारी, सगळा हिवाळा.

यंदा लग्नाला वीस वर्षं होणार, तो दिवस नेमका फेब्रुवारीतल्या एका शनिवारी आला. काय हवं, असं वेंडेलने विचारलं. (मनात एक टोस्टर पाहून ठेवला होता.)

“शेवटचा पाळणा,” मॉरीन म्हणाली.

“म्हणजे?”

“साडेतीनला शेवटचा पाळणा वर जातो ना, त्यात माझ्या शेजारी आजवर कोण कोण बसलंय सांगू? दाताचा डॉक्टर बसलाय. पाद्री बसलाय. एकदा एक बाई मांडीवर केक घेऊन बसली होती. नवरा तेवढा बसला नाही. एकदा बस. बास, एवढंच हवं.”

हे ती हसत हसत म्हणाली, पण वेंडेलला ते लागलं. टोस्टरवर भागलं असतं तर बरं झालं असतं, असंही त्याला वाटलं. तेव्हापासून तो हात धुऊन उबेच्या मागे लागला.

सुरुवात मोज्यांपासून झाली. मेरिनो लोकरीचे मोजे, गुडघ्यापर्यंतचे. मग गरम पुड्या, ज्या फोडून हवा लागली की सहा तास ऊब देतात. बोटांच्या वेगळ्या, तळव्यांच्या वेगळ्या. मग नळीसारखी गळपट्टी, माकडटोपी, हातमोज्यांच्या आत घालायचे रेशमी हातमोजे. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे गादीची चड्डी. पडल्यावर माकडहाड शाबूत राहावं म्हणून तिला मागून जाड फोम लावलेला असतो. ती घालून वेंडेल आरशासमोर पाठमोरा उभा राहिला आणि आरसा त्याला पुरला नाही.

शुक्रवारी संध्याकाळी बुटांची पाळी आली. बुटाचं आतलं अस्तर पायाच्या मापाचं व्हावं म्हणून आमच्याकडचे जुनेजाणते एक युक्ती करतात. मोज्यात तांदूळ भरायचे, ते मायक्रोवेव्हमध्ये चांगले तापवायचे आणि बुटात कोंबायचे. अस्तर मऊ पडलं की त्यात पाय घालून दहा मिनिटं उभं राहायचं. मॉरीन स्वयंपाकघरात आली तेव्हा वेंडेल मोज्यात तांदूळ ओतत होता.

“आज भात?”

“हो. बुटाला.”

“आणि आपल्याला?”

“आधी बुटाचं उरकू दे गं!”

शनिवारी सकाळी त्याने हे सगळं अंगावर चढवलं. त्याला पाऊण तास लागला. फोन थंडीने बंद पडतो म्हणून तो एका गरम पुडीत गुंडाळून सगळ्यात आतल्या खिशात, छातीशी ठेवला. वर माकडटोपी, तिच्यावर गळपट्टी नाकापर्यंत, तिच्यावर गॉगल, आणि सगळ्यांवर पिवळं हेल्मेट. इतका बंदोबस्त केल्यावर थंडी आत शिरणार कुठून? थंडी शिरलीच नाही. अडचण एवढीच झाली की आवाजही शिरेना. आणि गळपट्टीतून वर निघालेला श्वास थेट गॉगलमध्ये जाऊन बसला, त्यामुळे काचेवर धुकं धरलं आणि वेंडेलला फक्त रंग दिसू लागले. पण रंग पुरे होते. मॉरीनचा कोट लाल होता.

इथे एक सांगायला हवं. गस्तपथकाचे जुने लाल कोट दर ऑक्टोबरात शाळेच्या जिममधल्या जुन्या सामानाच्या बाजारात विकायला निघतात. पाठीवरचा पांढरा क्रॉस उसवलेला असतो, त्याचा डाग तेवढा राहतो. कोट मजबूत आणि स्वस्त, त्यामुळे डोंगरावर आमचं निम्मं गाव लाल असतं. वेंडेलला हे माहीत नव्हतं असं नाही. पण सुखात माणूस गाफील होतो.

पहिल्या पाळण्याने दोघं वर गेली. वर गस्तपथकाची झोपडी आहे, मॉरीनचा जुना सहकारी ऑगी अजून तिथे असतो. “मी ऑगीला दोन मिनिटं भेटून येते. इथेच थांब, हलू नकोस,” मॉरीन म्हणाली. वेंडेलला काही ऐकू आलं नाही म्हणून त्याने जोरात मान हलवली. तो खाली बसून फळीचे पट्टे बांधू लागला, आणि वर पाहतो तो लाल कोट समोरून निघालेला! ‘अगं, थांब की,’ असं गळपट्टीच्या आत ओरडत तो मागे सुटला.

तो कोट इव्हेटआजी लाफ्लॅमचा होता. वय वर्षं त्र्याहत्तर. डोंगरावरच्या ‘साठीपार मंडळा’च्या त्या अध्यक्ष, आणि मंडळाचा नियम असा की झाडीत कोणी एकट्याने जायचं नाही, प्रत्येकाला जोडीदार हवा. त्या दिवशी एक नवा सभासद वर भेटणार होता. खूण, पिवळं हेल्मेट. (खरा नवा सभासद सर्दीने अंथरुणात होता.) पहिल्या वळणावर थांबून आजींनी विचारलं, “नवीन का तुम्ही?” वेंडेलने मान हलवली. गादीची चड्डी, चार थर आणि तांदळाने घडवलेले बूट घालून तो असा काही चालत होता, की वयाची शंका घ्यायचं आजींना कारणच उरलं नाही.

आणि दिवस काय सुंदर गेला! लाल कोट वळणावळणावर त्याच्यासाठी थांबत होता. मॉरीन आजवर इतकी कधी थांबली नव्हती. तो पडला, की गादीवर पडला. साडेदहा वाजले, अकरा वाजले, पाय गरमच. छातीत अधूनमधून थरथर होई. (फोन वाजत होता.) वीस वर्षांनी प्रेम असं पुन्हा उफाळून येतं म्हणायचं, असं वाटून वेंडेलचे डोळे भरून आले आणि गॉगल आणखी धुरकटला.

दुपारी पाळण्यात बसल्यावर त्याला राहवेना. त्याने गळपट्टी हनुवटीखाली ओढली.

“एक सांगू? रागावणार नाहीस ना?”

लाल कोट त्याच्याकडे वळला.

“माझे पाय दर वेळी गार नसायचे गं. मला भीती वाटते. तू इतकी झोकात जातेस आणि मी मागून बटाट्याच्या पोत्यासारखा येतो. तू थांबून माझी वाट बघतेस ना, तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं होतं. म्हणून मी पाय पुढे करायचो. बिचाऱ्या पायांची काही चूक नव्हती.”

लाल कोटाने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून हळूच थोपटलं. वीस वर्षांचं ओझं उतरल्यासारखं वेंडेलला झालं.

सव्वातीनला लाल कोट तळाच्या लॉजकडे वळला. मंडळाची हजेरी तिथे होते. वेंडेल मागोमाग आत गेला आणि गुदमरून एकेक वस्तू टेबलावर काढून टाकू लागला: हेल्मेट, गॉगल, माकडटोपी, गळपट्टी, दोन्ही जोड हातमोजे. समोर लाल कोटानेही हेल्मेट काढलं. आतून पांढरीशुभ्र वेणी खाली पडली.

वेंडेलच्या तोंडचं पाणी पळालं. “तुम्ही... मी... तुम्हाला ऐकू आलं का सगळं?”

“ऐकू न यायला काय झालं?” इव्हेटआजी म्हणाल्या. “कान शाबूत आहेत माझे. चांगलं बोलतोस रे बाळा. पण हे असलं बोलायला स्वतःची बायको बघावी.”

स्वतःची बायको शेगडीजवळच्या टेबलाशी बसली होती. समोर कोकोचे सहा रिकामे कप होते.

“मॉरीन! तू इथे?”

“मी इथे? मी इथे! सकाळपासून इथे आहे. झोपडीतून बाहेर आले तर तू गायब. म्हटलं, गेला असेल पाय शेकायला. इथे येऊन बघते तर टेबल रिकामं. चुकामूक झाली तर एकाने तळाशी जाऊन जागचं हलायचं नाही, हे बारा वर्षं मी लोकांना शिकवलंय. बसले मग! फोन किती केले तुला?”

“ते तू होतीस?”

“मग कोण? आणि होतास कुठे?”

“वर. पूर्ण दिवस.” वेंडेलचा आवाज खाली गेला. “तुझ्याबरोबर.”

मॉरीनने इव्हेटआजींकडे पाहिलं, त्यांच्या कोटाकडे पाहिलं, आणि कपाळावर हात मारला. पण हसली नाही. “म्हणजे वीस वर्षांत तू एकदा दिवसभर वर राहिलास आणि मी एकदा दिवसभर इथे बसले,” ती म्हणाली. तिचा आवाज जरा ओला झाला होता. वेंडेलला इतकं वाईट आजवर वाटलं नव्हतं.

“किती वाजले?” त्याने विचारलं.

“तीन सव्वीस,” इव्हेटआजी म्हणाल्या. “पळा!”

दोघं पळाली. बाहेर रोवलेल्या फळ्या उचलल्या, उतारावर दोनदा आपटली, आणि पाळणेवाला साखळी ओढणार तोच आत घुसली. शेवटचा पाळणा. त्यात शेजारी नवरा. मॉरीनने त्याचा हात हातात घेतला आणि ती दचकली.

“हातमोजे कुठायत?”

“टेबलावर.”

“टोपी?”

“टेबलावर.”

वर वारा सुटला होता. दिवसभराच्या उबेने अंगातून जो घाम निघाला होता, तो आता थराथराने गोठायला लागला. वेंडेलचे दात वाजू लागले. पण बोलायचं होतं, आणि आता नाही तर कधीच नाही.

“म-म-मॉरीन, मा-माझे पाय दर वेळी ग-गार नसायचे. मला भी-भी-भीती...”

“ठाऊक आहे मला.”

“कधीपासून?”

“पहिल्या शनिवारपासून. गार पायाचा माणूस बूट काढून शेकतो, वेंडेल. तू लेस कधी सोडली नाहीस.”

“मग बो-बोलली का नाहीस?”

“तू सांगशील म्हणून थांबले होते. आणि थांबायचं मला काही वाटत नाही रे. तूच उगाच लाजतोस.” तिने आपली गळपट्टी काढून त्याच्या कानांना गुंडाळली. वीस वर्षांत त्याला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. आणि इतकी थंडीही कधी वाजली नव्हती.

वर पोचली तेव्हा त्याची बोटं लाकडासारखी झाली होती. फळीचा पट्टा काही केल्या धरता येईना. (पाय मात्र छान गरम होते. त्यांना कोणी विचारलं नाही.) शेवटी ऑगी झोपडीतून जखमींना न्यायची घसरगाडी घेऊन आला. वेंडेलला घोंगडीत गुंडाळून हनुवटीपर्यंत बांधलं, आणि ऑगीने नियमाप्रमाणे खिशातून फॉर्म काढला.

“कुठे लागलंय?”

“कुठेच नाही,” वेंडेल घोंगडीतून म्हणाला.

“पडलात?”

“आता नाही.”

ऑगीने दोन्ही ठिकाणी रेघ मारली. “स्नोबोर्डिंगचा दर्जा? नवशिका, मध्यम की पटाईत?”

आज तो दिवसभर झाडीतून फिरला होता, शेवटच्या पाळण्याने आला होता. वेंडेलने मान शक्य तितकी ताठ केली. “मध्यम,” तो म्हणाला.

ऑगीने मॉरीनकडे पाहिलं. मॉरीनने नवऱ्याकडे पाहिलं, घोंगडीचा पट्टा आणखी एक घर आवळला आणि म्हणाली, “‘सामान’ असा रकाना आहे का बघ.”